न्यायाधीशाचे अश्रू

मागे एका गावी कीर्तन आटोपले, मंडळी बुक्का लावून पांगली, आणि एक तरुण वकील मागे थांबले. म्हणाले, "महाराज, कायदाच अधर्माचा असेल तर न्यायाधीशाने करावे काय? त्याच्या हाती जी पोथी दिली, तीच त्याने वाचायची ना?" गाडीची वेळ झाली होती. दोन शब्द बोलून मी त्यांची बोळवण केली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. म्हणून आज अमेरिकेतल्या दोन निकालांची हकीकत सांगतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात जॉन मान नावाच्या इसमाने लिडिया ही गुलाम स्त्री वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतली होती. बैलजोडी घ्यावी तशी! तिच्या हातून काही लहानसा अपराध घडला. तो मारू लागला, ती पळाली. 'थांब' म्हटले तरी थांबेना, तेव्हा त्याने गोळी झाडली. ती जखमी झाली. खालच्या कोर्टात ज्यूरीने मानला दोषी धरले. वरच्या कोर्टात १८२९ साली न्यायमूर्ती थॉमस रफिन यांनी त्याला सोडून दिले. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, बाप मुलाला मारतो, गुरू शिष्याला मारतो, पण त्याला मर्यादा असते. तशीच इथेही असावी. रफिन म्हणाले, ही उपमा लागू नाही. तिथे हित मुलाचे, इथे लाभ सगळा धन्याचा. गुलामाने पुरते नमावे असे वाटत असेल, तर धन्याची सत्ता निरंकुशच हवी. आणि हे लिहिताना आपल्यातला माणूस न्यायाधीशाशी झगडतो आहे, हेही त्यांनी नमूद केले. पुढे १८५३ साली गुलामगिरीच्या कट्टर वैरी हॅरिएट बीचर स्टो यांनीसुद्धा त्यांचा सच्चेपणा वाखाणला.

आता यातली गोम पाहा. हेच रफिन गुलामांच्या खरेदीविक्रीत भागीदार होते! असो.

'कायद्याचे राज्य' म्हणजे काय, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. जोसेफ राझ यांनी १९७७ साली लिहिले की, नियम आधी जाहीर असावेत, स्पष्ट असावेत, सर्वांना कळावेत, एवढेच त्याचे लक्षण. ते पाळूनही कायदा गुलामगिरी आणू शकतो. सुरी धारदार आहे, पण कापायचे काय ते सुरी सांगत नाही. लॉन फुलर यांचे मत त्याआधी, १९६४ सालचे: नियमांची शिस्त खरोखर पाळली, कारणे उघड द्यावी लागली, तर अधर्म फार काळ टिकत नाही. मला फुलर यांचे म्हणणे गोड लागते, पण रफिन यांचा निकाल वाचला की राझच खरे वाटतात. कारणे उघड होती, स्वच्छ होती, आणि लिडियाला न्याय मिळाला नाही.

पण पुढची गोष्ट ऐका. १८३४ साल. राज्य तेच, कोर्ट तेच, रफिन आता मुख्य न्यायाधीश. विल नावाच्या गुलामाने आपल्या हाताने कुदळीला दांडा केला होता. दुसऱ्याने त्यावर हक्क सांगितला, तंटा झाला, विलने दांडा मोडून टाकला. मुकादमाने त्याच्या पाठीत बंदूक झाडली, आणि पुढच्या झटापटीत विलच्या सुरीने मुकादम मेला. खाली फाशी झाली. वरती न्यायमूर्ती गॅस्टन यांनी म्हटले, हा खून नव्हे, मनुष्यवध. धन्याची सत्ता मोठी असली तरी जिवावर चालत नाही. आणि भय व संताप गुलामालाही माणसासारखेच येतात. जुना निकाल त्यांनी मोडला नाही. त्याच पोथीत त्यांना दुसरे पान सापडले.

मला हे पान झोपू देत नाही, त्याचे कारण सांगतो. आमच्या स्मृतींतही दासांचे प्रकार मोजलेले आहेत, मनूने सात, नारदाने पंधरा. ते मी घोकले तेव्हा जीभ अडखळली नाही. पुढे पंचविशीत असताना एक विधवा बाई प्रायश्चित्ताचे विचारायला आल्या. मी श्लोक म्हटला, अर्थ सांगितला, आणि वर म्हणालो, "बाई, मलाही वाईट वाटते, पण शास्त्रच तसे आहे." डोळ्यांत पाणीही आले होते माझ्या. बाई पदर सावरून निघून गेल्या. त्याच प्रकरणात, दोन पाने पुढे, सौम्य वचन होते. ते मला पाठ होते.

त्या वकिलांचा पत्ता मी घेतला नव्हता. हा अंक त्यांच्या हाती पडला तर बरे.