प्रारब्ध आणि एका गायकाचा श्वास

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून उतरत महाडास येते, आणि त्याच महाड तालुक्यात, वरंध घाटाखालच्या रानात, शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही घळ शोधून काढली.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहावा समास भाविक सहसा लवकर उरकतात; कारण त्यात खरूज, नारू, देवी, गोवर अशा देहपीडांची जंत्री एखाद्या दप्तरदाराच्या चिकाटीने मांडली आहे. मला तो समास फार प्रामाणिक वाटतो. ज्यास मोक्षमार्ग सांगावयाचा, त्याने आधी देहाची कैफियत रुजू करून घ्यावी, हा क्रमच मोठा शहाणपणाचा आहे.

हा समास वाचताना मला गायक कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा बालवयातच कीर्तिमान झाला, आणि ऐन तारुण्यात क्षयाने त्यास गाठले. १९४८ च्या जानेवारीत हवापालटासाठी ते देवासास गेले, वैद्यांनी गाणे वर्ज्य केले, आणि पुढली काही वर्षे गायकाच्या वाट्यास खाट आली. त्या खाटेवरून त्यांनी माळव्यातील बायकांची लोकगीते ऐकली, टिपली, आणि त्यांच्या धुनांतून नवे राग व बंदिशी बांधल्या. या बंदिशींचा ग्रंथ 'अनूपरागविलास' १९६५ साली निघाला. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेला हा माणूस १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफिलीस बसला, तो लांब श्वासाच्या गायकीचा हव्यास सोडून, लहान, तीव्र, तुटक स्वरसमूहांची मांडणी घेऊन.

यावर दोन मते फार लवकर दिली जातात. एक म्हणते, हे पूर्वकर्माचे फळ. दुसरे म्हणते, रोग हीच ईश्वराची देणगी. दोन्ही मला अमान्य आहेत. खाडीस भरती आणि घाटमाथ्यावर अतिवृष्टी एकाच वेळी जुळली की सावित्री महाडच्या बाजारपेठेत शिरते, जशी २०२१ च्या जुलैत शिरली. तेव्हा दुकानदाराने गतजन्मी काय केले होते, हे कोणी विचारीत नाही. रुग्णाच्या उशाशी मात्र तीच चौकशी आपण निःशंकपणे करतो! शंकराचार्यांनी प्रारब्धास सुटलेल्या बाणाचा दृष्टांत दिला आहे; पण तो बाण ज्ञान्यासही का लागतो एवढेच त्यातून कळते, लागल्यावर माणसाने काय करावे हे नाही. त्याचे उत्तर मला लाटांवर दिसते. २०१५ साली कॅलिफोर्नियात अपंगांच्या सर्फिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत कोणी फळीवर पालथे पडून, कोणी गुडघे टेकून लाटेवर स्वार झाले. लाटेवर त्यांचा हुकूम चालत नव्हता, आसनावर चालत होता. आणि समर्थ ज्यास यत्न म्हणतात त्याची हद्द बहुधा एवढीच असावी.

आता कुमारांस बरे करणारे, १९४३ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध दहा वर्षे उशिरा सापडते तर हा सारा संसार कोठे असता? ते वेळेवर पोचले, हे प्रारब्धाच्या खाती लिहावे की यत्नाच्या? मी यत्नाच्या खाती लिहितो, आणि त्या खात्यात पहिले नाव कुमारांच्या पत्नी भानुमतीबाईंचे घालतो. पतीची ती सर्व वर्षे शुश्रूषा करून त्या १९६१ साली प्रसूतीत गेल्या, आणि त्यांच्या मृत्यूस मात्र कोणते शास्त्र लावावे, हे मला आजही ठरविता आलेले नाही.