सुशोभीकरण

हाटकेशचा रस्ता झाडला जातो तेव्हा हाटकेश झोपलेलं असतं. उजाडल्यावर लोक खाली उतरतात, स्वच्छ रस्ता बघतात नि म्हणतात, पालिकेनं काम चांगलं केलं. पालिकेला हात असतात का? ते हात कुणाचे, हे कुणी विचारत नाही. विचारलं की जात बाहेर येते.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत सुरू झालं, २०१६ पासून शहरांना स्वच्छतेचे नंबर मिळू लागले. भिंती रंगल्या, चौक सजले. रंगाशी माझं भांडण नाही. चांगला रस्ता मलाही हवा, आमच्या वस्तीत तर आधी हवा. (घाणीत राहायला लावलं म्हणून घाण आमची झाली होय?) माझा प्रश्न निराळा आहे. सुंदर काय, हे कोण ठरवतं? आणि त्यापायी रस्त्यावरनं पुसलं कोण जातं?

पेशवाईतल्या पुण्यात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू बांधायचे. त्याच्या पावलांचा माग त्यानंच पुसायचा. १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त बाबासाहेबांनी हे जगासमोर मांडलं. तीही रस्तेसफाईच होती, बाबांनो! १९२७ ला महाडात आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तर त्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. असलं इथलं सौंदर्यशास्त्र.

मेरी डग्लस या ब्रिटिश बाईनं १९६६ साली मांडलं, की घाण म्हणजे जागा सोडून पडलेली वस्तू. चप्पल दारात असली तर घाण नाही, ताटाशेजारी असली की घाण. म्हणजे आधी कुणीतरी जागा ठरवतं, मग घाण ठरते. गावानं आमची जागा वेशीबाहेर ठरवली. शहरात पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीची जागा कुठली? संध्याकाळी मेथीची जुडी घेताना ती सोय, चौकाचा फोटो काढताना अतिक्रमण. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, आधी सर्वेक्षण करून दाखले द्या, तोवर उठवू नका. त्याआधी १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि त्याच निकालात फुटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. जगा, पण इथं नको!

आणि कचरा नाहीसा होतो थोडाच? मिरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षं उत्तनच्या धावगी डोंगरावर जातोय. वास नि धूर तिथल्या लोकांच्या घरात. हाटकेश चकाचक व्हायचं तर उत्तननं नाक दाबायचं. जमिनीखालचं तर दिसतच नाही. माणसाला मैला उचलायला लावू नये म्हणून १९९३ ला कायदा केला, २०१३ ला परत केला. तरी एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या विरारला मैलापाण्याच्या टाकीत चार कामगार गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली होती. भरपाई वाढली, खाली उतरणारा तोच राहिला.

म्हणून म्हणतो, सुशोभीकरणाची बैठक घ्याल तेव्हा झाडणारीला बोलवा. दाराशी उभी करू नका, खुर्ची द्या. पहाटेपासून ती त्या रस्त्यावर असते. तहान लागली तर पाणी कुठं प्यायचं, लघवीला कुठं जायचं, हे तिच्याइतकं इंजिनिअरला माहीत नाही. भिंतीवर मोर काढायचा की त्या भिंतीमागं बायकांसाठी संडास बांधायचा, हे तिला विचारा. मग रंगाचे डबे उघडा.