सासूबाईंची खाट

कळमेश्वरात एक चित्रकार राहत होती. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. नागपूर-पुण्याचे प्रकाशक मजकूर पाठवायचे आणि ब्राह्मणीच्या बाजूच्या एका भाड्याच्या घरातून ती चित्रं पाठवायची. हा पट्टा संत्र्याचा, म्हणून हंगामात पेट्यांवर लावायच्या लेबलांचं कामही यायचं. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा, मुलगा चौथीत होता, आणि घरात सासूबाई होत्या. माणसं गोष्टीतली आहेत. कायदा आणि त्यावरून मांडलेला हिशेब मात्र खरा आहे.

२०२५ चा जुलै. आषाढीला धापेवाड्याच्या यात्रेसाठी आलेले पाहुणे परतले, घर रिकामं झालं, आणि ती आयकर विवरणपत्र भरायला बसली. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये तिला कामाचे ७,८७,००० रुपये मिळाले होते. त्यातल्या ५,२०,००० रुपयांवर प्रकाशकांनी १० टक्के दरानं टीडीएस कापून ५२,००० रुपये सरकारात भरले होते. मिळालेली सगळी रक्कम ती उत्पन्न म्हणून दाखवायला निघाली होती. खर्चाच्या रकान्यात शून्य.

‘‘खर्च कसला? घरीच तर बसते मी,’’ ती म्हणाली.

हे वाक्य मी घरून काम करणाऱ्या किती जणांच्या, विशेषतः बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. बाजारपेठेत दुकान घेतलं असतं तर भाडं, वीज, टेबल, पंखा सगळं खर्चात धरलं असतं. तेच सगळं घरात आलं की ते खर्च राहत नाही, संसार होतो.

सल्ला द्यायला माणसं होती. अमेरिकेतली मावसबहीण फोनवर म्हणाली, ‘‘खोली फक्त आणि फक्त कामासाठीच वापरत असशील तरच धरता येते, नाहीतर एक पैसा मिळत नाही.’’ ते तिच्या देशापुरतं बरोबर होतं. घरातल्या कामाच्या जागेसाठी तिथे तशीच अट आहे. शेजारचा एक ओळखीचा धंदेवाला म्हणाला, ‘‘ताई, पूर्ण घराचं भाडं लावा. फ्रिज लावा, सोफा लावा. कोण येते पाहायला?’’ एकीचं ऐकलं तर हक्काचं सोडायचं, दुसऱ्याचं ऐकलं तर बिनहक्काचं घ्यायचं. तिला दोन्ही पटेनात.

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त पटवारी. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. भाड्याची पावती मागायला ती वर गेली, तेव्हा सगळी हकिगत निघाली. काकाजींनी ऐकून घेतलं, आत गेले आणि मोजपट्टी घेऊन खाली आले.

‘‘सूनबाई, शेताचा सातबारा पाह्यला ना तू?’’ ते म्हणाले. ‘‘एकाच गटात लागवडीचं क्षेत्र वेगळं लिहिते, पोटखराबा वेगळा. नाला गेला, विहीर आली, ते पोटखराब्यात. पण त्याच्यासाठी कोणी शेत दोन ठिकाणी नाही तोडत. तुह्या घराचंही तसंच. कामाचं किती, राहण्याचं किती, ते मोजून लिही. आपला कायदा तेवढंच मागते.’’

काकाजींचं म्हणणं कायद्याला धरून होतं. १९६१ च्या आयकर कायद्यात व्यवसायाच्या जागेचं भाडं कलम ३० खाली वजा व्हायचं. जागेचा काही भागच व्यवसायासाठी वापरला जात असेल, तर कलम ३८ म्हणायचं की योग्य प्रमाणातला भाग धरावा, आणि तो योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कर निर्धारण अधिकाऱ्याचा. यंत्रं आणि सामान यांचा घसारा कलम ३२ मध्ये. बाकीचा खर्च कलम ३७ मध्ये, आणि तिथली अट कडक: खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, स्वतःचा घरखर्च नको. नवी करपद्धती घेतली की खर्च मिळतच नाही, असा एक गैरसमज पसरलेला आहे. नव्या पद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बऱ्याच वजावटी जातात हे खरं, पण व्यवसायाचा खरा खर्च आधीच वजा होतो आणि मग जे उरतं ते उत्पन्न. त्याला पद्धत आड येत नाही.

ज्यांना हे मोजायचंच नाही त्यांच्यासाठी त्या कायद्यात एक वेगळी वाट होती. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, चित्रपटाचे गीतकार आणि संवादलेखक अशा ठरावीक व्यावसायिकांना कलम ४४एडीए खाली मिळकतीचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवता यायचा. मग खोली, वीज, संगणक वेगळं काहीच वजा करता येत नसे. पुस्तकांची चित्रं काढणारी माणसं त्या यादीत नव्हती. म्हणून तिनं मोजायचं ठरवलं.

घर ५४० चौरस फूट भरलं. कामाची खोली ९ बाय १२, म्हणजे १०८. बरोबर पाचवा हिस्सा. भाडं महिन्याला ९,०००, वर्षाचं १,०८,०००. पाचवा हिस्सा २१,६००. तिनं वहीत आकडा लिहिला.

काकाजींची नजर मात्र भिंतीकडेला गेली होती. तिथे एक खाट होती. गादी गुंडाळून ठेवलेली, उशाशी औषधाचा डबा.

‘‘ही कोणाची?’’

‘‘आईंची. रात्री त्या इथे झोपतात. दिवसा मी काम करते.’’

‘‘मग खोली दिवसा तुही आणि रात्री वहिनींची. अर्धी धर.’’

भाड्याचे १०,८०० झाले. वर्षाचं वीजबिल २१,६०० होतं. त्याचाही दहावा हिस्सा, २,१६०. बाकीचं तिनं एकेक करत मांडलं. संगणक आणि त्याला जोडलेली चित्र काढायची पाटी मिळून ८०,००० रुपयांना जून २०२४ मध्ये घेतलेली. त्यावर कामाखेरीज काही होत नसे, मुलाला हातही लावू देत नव्हती ती. संगणकाचा घसारा ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवस किंवा जास्त वापर झाला म्हणून पूर्ण मिळाला: ३२,०००. टेबल-खुर्ची १२,००० ची, तिचा १० टक्के: १,२००. इंटरनेट घरातले सगळेच वापरत, म्हणून बिलाचे तीन हिस्से कामाचे, एक घराचा: ६,३००. कागद, रंग आणि छपाई १४,०००, कुरिअर ३,५००, नागपूरच्या कामाच्या खेपा ५,०४०. एकूण ७५,०००.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. शून्य म्हणत होती तिथे पाऊण लाख निघाले होते. त्या वर्षी तिनं साधारण तीनशे चित्रं दिली होती. म्हणजे एका चित्रामागे अडीचशे रुपये हाताची मजुरी धरण्याआधीच गेलेले. संत्र्याच्या पेटीचं लेबल ती पाचशेला करून देत होती. दर सांगताना आपली जीभ इतकी वर्षं का अडखळते, तेही तिला तिथे कळलं. कशाला किती लागतं हेच माहीत नसेल तर माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघून किंमत सांगतो. कराचा हिशेब करताना हे समजलं, यात मला कराच्या बचतीपेक्षा मोठा लाभ दिसतो.

मग तिनं कर काढला. ७,८७,००० मधून ७५,००० वजा जाता उरले ७,१२,०००. त्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता. ती १२,००० नं पुढे गेली होती. उत्पन्न ७ लाखांच्या थोडंसंच वर गेलं तर कर त्या वरच्या रकमेहून जास्त होऊ नये अशी सवलत होती. त्या सवलतीमुळे कर १२,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून १२,४८० रुपये. काहीच खर्च दाखवला नसता तर २९,८४८ भरावे लागले असते. सतरा हजारांवर वाचले होते.

पण तिचं लक्ष आता त्या बारा हजारांवर अडकलं. खोली अर्धी न धरता पूर्ण धरली तर भाड्याचे १०,८०० आणि विजेचे २,१६० आणखी वजा होणार. उत्पन्न ६,९९,०४०. कर शून्य. मध्ये आडवी होती ती एक खाट.

‘‘काकाजी, एवढ्याशासाठी कोण बघणार आहे? खाट तर दिवसा तशीही उभी करून ठेवता येते,’’ ती म्हणाली.

काकाजी काही बोलण्याआधी सासूबाई दारात आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं.

‘‘लाव वं पूर्ण खोली. मी आजपासून बाहेरच्या खोलीत खाट टाकतो. मले काय, कुठंही झोप लागते,’’ त्या म्हणाल्या.

बाहेरची खोली रस्त्यावर होती. रात्रपाळीची माणसं मोटारसायकलींवरून जायची, आणि मोरी घराच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते अंतर रात्री दोन-तीनदा चालवणारं नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

काकाजी म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही आज बाहेर झोपल्या तर ते पुढच्या हिशेबात येईन. हा हिशेब गेल्या वर्षाचा आहे. गेल्या वर्षी तुम्ही इथंच झोपल्या.’’ मग तिच्याकडे वळून म्हणाले, ‘‘बेटा, पीकपाहणीले गेलो की मी शेतात जे उभं दिसे तेच लिहो. कापूस असला तर कापूस, पडीत असली तर पडीत. लोक म्हणत, अमुक लिहा, अनुदान मिळते. पण उभं नाही ते लिहिलं तर जे उभं आहे त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. तुह्या पाऊण लाखाचा एक एक रुपया खरा आहे. त्याच्यात ही खाट कायले मिसळतं?’’

ती सासूबाईंकडे बघत होती. बारा हजारांसाठी या बाईला कागदावर खोलीबाहेर झोपवायचं होतं, आणि ती बाई स्वतः उठून निघालीही होती.

‘‘आई, खाट तिथेच राहू द्या,’’ ती म्हणाली. तिनं वहीच्या पानावर खोलीचा नकाशा काढला, चित्रकारच ती, सुबक काढला. टेबल, खिडकी, कपाट आणि भिंतीलगत खाट. खाली लिहिलं: दिवसा काम, रात्री सासूबाईंची झोपण्याची खोली, निम्मा हिस्सा धरला. काकाजींनी भाड्याची पावती दिली. करार तिच्या नावाचा होताच आणि भाडं तिच्या बँक खात्यातून जात होतं.

प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांसाठीचा आयटीआर-३ हा फॉर्म तिनं भरला. १२,४८० कर वळता होऊन ३९,५२० रुपयांचा परतावा तिच्या खात्यात आला. पुढच्या हंगामात लेबलाचा दर तिनं नऊशे सांगितला. दोघा गिऱ्हाइकांनी मान्य केला, एकानं काम दुसरीकडे नेलं.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत करशून्य उत्पन्नाची मर्यादा १२ लाख झाली आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्यानं घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, तरी व्यवसायाचा खर्च वेगळा आणि घरखर्च वेगळा ठेवण्याची गरज संपलेली नाही. घर स्वतःच्या मालकीचं असेल तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही, एवढंही ध्यानात असू द्या. घरात बसून लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, गाणी बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: एकदा आपली कामाची जागा मोजा, तिथे आणखी कोण वावरतं तेही लिहा, त्या पानावर तारीख घाला आणि ते भाड्याच्या पावत्यांबरोबर जपून ठेवा.