तिसऱ्या माणसाचा हक्क

जुम्याची नमाज आटोपून लोक पांगले, तरी एक तरुण मशिदीच्या ओट्यावर थांबून राहिला. तो राळेगणसिद्धीहून सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज मोटारसायकलने कामाला जातो. मोबाइलवर आलेला संदेश त्याने माझ्यापुढे धरला. गाडीच्या विम्याची मुदत आठ दिवसांत संपणार होती. तो म्हणाला, "मौलाना, इन्शुरन्स हराम आहे असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग यंदा तो भरलाच नाही, तर गुनाहही टळेल आणि पैसेही वाचतील ना?" मी काही बोलण्याआधीच त्याने दुसरा प्रश्न काढला, "आणि भरायचाच असेल तर एक ओळखीचा माणूस साडेतीनशे रुपयांत कागद करून देतो म्हणतो. तो घेऊ का?"

हा तरुण नमाजी आहे, कष्टाळू आहे. घरभाडे, आईचे औषधपाणी आणि गाडीचा हप्ता भागवून महिनाअखेरीस त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. त्याच्या प्रश्नाला हसणे सोपे, रागावणे त्याहून सोपे. परंतु असे प्रश्न आपल्या अनेक घरांत मनातल्या मनात विचारले जातात, म्हणून त्यांचा नीट विचार व्हायला हवा.

आक्षेप खरा आहे

व्यापारी विम्यावर उलमांनी घेतलेला आक्षेप पोकळ नाही आणि नवाही नाही. दमास्कसचे थोर हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी आपल्या काळातील सागरी विम्याची चर्चा केली आहे आणि त्या कराराला मान्यता दिलेली नाही. डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही असाच निर्णय दिला. ठरावीक हप्ता घेऊन चालणारा व्यापारी विम्याचा करार तिने अवैध ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभ्या असलेल्या विम्याचा पर्याय पुढे ठेवला.

या आक्षेपाची कारणे तीन. पहिले 'गरर', म्हणजे व्यवहारातील मोठी अनिश्चितता. हप्ता भरणाऱ्याला बदल्यात काय मिळेल, केव्हा मिळेल, की काहीच मिळणार नाही, हे करार करताना ठाऊक नसते. दुसरे 'किमार', म्हणजे जुगाराशी असलेले साम्य. तिसरे 'रिबा', कारण जमा झालेला पैसा बहुधा व्याजी व्यवहारांत गुंतवला जातो. या तिन्ही गोष्टींपासून दूर राहण्याची ज्याला तळमळ आहे, त्याच्या ईमानाची कदर केली पाहिजे.

मात्र रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यापुढे आणखी एक वस्तुस्थिती उभी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये, अशी शिक्षा आहे. व्याजमुक्त, सहकारी तत्त्वावरचा 'तकाफुल' विमा आपल्याकडे दुचाकीस्वाराच्या हाताशी नाही. जेथे कायद्याची सक्ती आहे आणि पर्याय नाही, तेथे सक्तीपुरता विमा घेणाऱ्यावर दोष नाही, असे उलमांनी सांगितले आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी घ्यायच्या ऐच्छिक विम्याबाबत मात्र मतभेद आहेत. त्याविषयी ज्याने त्याने आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे.

एवढ्यावर त्या तरुणाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पण हे उत्तर अपुरे आहे. यात पोलीस दिसतो, दंड दिसतो, आपली सुटका दिसते. ज्याच्यासाठी हा कायदा झाला, तो माणूस यात कोठेच दिसत नाही.

तो तिसरा कोण?

विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही असा कोणीही. फाट्यावर चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी, शाळेतून सायकलवर घरी निघालेला मुलगा, एसटीची वाट पाहणारा ऊसतोड मजूर. त्यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नसते, कोणताही हप्ता भरलेला नसतो. आपली गाडी रस्त्यावर यावी की न यावी, हेही त्यांना कोणी विचारलेले नसते. तरीही आपल्या एका क्षणाच्या चुकीने त्यांचे घर उद्ध्वस्त होऊ शकते.

अजाणता घडलेल्या हानीविषयी इस्लामची शिकवण स्पष्ट आहे. कुरआनच्या सूरह अन-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येचा आदेश आला आहे. त्यात कर्तव्ये दोन सांगितली आहेत. एक अल्लाहच्या दरबारी प्रायश्चित्ताचे आणि दुसरे मृताच्या वारसांना 'दियत', म्हणजे भरपाई देण्याचे. वारसांनी आपणहून माफ केले तर गोष्ट वेगळी. पहिले कर्तव्य पार पाडले म्हणून दुसरे आपोआप फिटत नाही. "माझा हेतू वाईट नव्हता" हे म्हणणे खरे असले, तरी तेवढ्याने विधवेच्या चुलीवर भाकरी भाजत नाही.

ही भरपाई एकट्या गरीब माणसाला झेपणार कशी, याचाही विचार शरीअतने केला आहे. चुकून घडलेल्या हत्येची दियत अपराध्याच्या 'आकिला'ने, म्हणजे त्याची पाठराखण करणाऱ्या समूहाने, वाटून घ्यावी आणि ती तीन वर्षांत चुकती करावी, अशी व्यवस्था होती. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच भार येई. मृताचे घर सावरे आणि अपराध्याचेही घर मोडत नसे. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी सैन्याच्या नोंदवह्या, म्हणजे 'दीवान', सुरू केले, तेव्हा एकाच दीवानात नाव असलेल्यांना त्यांनी परस्परांचे आकिला ठरवले. हनफी फिकहने हाच दाखला स्वीकारला आहे. काळ बदलला तसा पाठराखण करणारा समूह बदलला. निरपराध माणसाची हानी उघड्यावर पडू नये, हे तत्त्व मात्र बदलले नाही.

आकिला आणि आजची विमा कंपनी एकच, असे मी म्हणत नाही. आकिलेत नफा नव्हता, व्याज नव्हते. ते नात्याचे आणि जबाबदारीचे बंधन होते. पण प्रामाणिकपणे स्वतःला विचारू या की आज आपल्यापैकी कोणाच्या हातून अपघात घडला, तर भाऊकी वर्गणी काढून दहा-वीस लाखांची भरपाई देईल काय? विमा नसलेल्या गाडीच्या अपघातात न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम मालकाला स्वतः द्यावी लागते. त्याच्याजवळ काहीच नसेल, तर निकालाचा कागद हातात घेऊन पीडिताचे घर वर्षानुवर्षे वाट पाहते. आकिला मोडून पडली, पर्याय आपण उभा केला नाही, आणि आता विम्याचा कागदही आपण तक्व्याच्या नावाखाली टाळणार. मग त्या म्हातारीच्या हक्काचा जामीन कोण?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एकदा एका कर्जदाराचा जनाजा आणला गेला. फेडीची सोय नाही असे कळताच त्यांनी स्वतः नमाज पढवण्यास नकार दिला. अबू कतादा (रजि.) यांनी त्या काही दीनारांची हमी घेतली, तेव्हा नमाज झाली. खरा कंगाल कोण, हेही त्यांनी सहाबांना समजावून सांगितले होते. नमाज-रोजांची शिदोरी घेऊन कयामतच्या दिवशी आलेला, पण लोकांचे हक्क फेडता फेडता ती सगळी गमावून बसलेला माणूस तो. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, अल्लाह परस्पर माफ करीत नाही. ज्याचा हक्क आहे त्यालाच विचारावे लागते.

हे लिहिताना माझी मान ताठ नाही. एका वर्षी माझ्याच स्कूटरचा विमा संपून दोन महिने झाले, तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या दोन महिन्यांत शेजाऱ्याच्या हक्कांवर मी खुतबाही दिला होता आणि त्याच स्कूटरवरून घरी गेलो होतो. अल्लाहच्या कृपेने काही विपरीत घडले नाही. घडले असते तर कोणत्या तोंडाने मिंबरवर चढलो असतो?

स्वस्त काय आणि फसवे काय

आता दुसरा प्रश्न, साडेतीनशे रुपयांच्या कागदाचा. काटकसर हा दोष नव्हे. उधळपट्टीपासून दूर राहणे हीदेखील दीनचीच शिकवण आहे. पण येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांसाठी सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये वार्षिक हप्ता आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे त्या तरुणाच्या १२५ सीसीच्या गाडीला सुमारे ८४३ रुपये, दिवसाला अडीच रुपयांहूनही कमी. जो हाच विमा साडेतीनशेत देतो म्हणतो, तो सवलत देत नाही, बनावट कागद देतो. गाडीचा क्रमांक एम-परिवहन अॅपवर टाकला की विम्याची नोंद आणि मुदत दिसते. पैसे दिल्यावर काही दिवसांनी ती अवश्य पाहावी.

खरी बचत करण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते. परंतु तेवढ्या रकमेचे संरक्षण आधीच असेल, तर तसे लिहून देऊन दुसऱ्यांदा पैसे भरण्याची गरज नाही. ऐच्छिक भागाचे दर आणि जोड-संरक्षणे कंपनीगणिक वेगळी असतात. ज्यांनी तो भाग घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी दोन-चार ठिकाणी चौकशी करावी आणि नको ती जोडणी काढून टाकायला सांगावे.

मोह असतो तो खोटे लिहिण्याचा. मागच्या वर्षी दावा घेऊनही 'घेतला नाही' असे सांगून नो क्लेम बोनस लाटायचा. ही सवलत ऐच्छिक भागाच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून मोह मोठा. जुनी गाडी विकत घेऊन आधीच्या मालकाचा बोनस आपला म्हणून दाखवायचा. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. काल अपघात झाला आणि आज विमा काढून तारीख पुढची सांगायची. "कंपनी व्याज खाते, तिला फसवले तर काय बिघडले?" असे म्हणणारे मी ऐकले आहेत. समोरच्याच्या पापाने आपले खोटे हलाल होत नाही. करार नापसंत असेल तर तो टाळावा. करार करून त्यात दगा करण्याची परवानगी कोणीही दिलेली नाही. शिवाय त्या निधीत हजारो कष्टकऱ्यांचे हप्ते असतात. खोट्या दाव्याचा बोजा शेवटी त्यांच्यावरच पडतो.

पर्याय उभा करण्याची जबाबदारी

तो तरुण ज्या गावातून येतो, त्या गावाने या विषयात आपल्याला काही शिकवले आहे. सैन्यातील ट्रकचालकाची नोकरी संपवून अण्णा हजारे १९७५ साली राळेगणसिद्धीत परतले. श्रमदानातून पाणी अडवण्याची कामे उभी राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथेच १९८० मध्ये यादवबाबांच्या मंदिरात धान्य बँक सुरू झाली, हे कमी जणांना माहीत असते. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने धान्य जमा करायचे, ज्याचे पीक बुडाले त्याने अडचणीत तेथून न्यायचे. परतफेड करताना वर काही जास्तीचे द्यावे लागे. तेवढ्यापुरता आपला मार्ग वेगळा, कारण उसन्यावरची अशी वाढ आपण रिबा मानतो. पण एकाच्या संकटात अनेकांनी आधीच वाटा उचलून ठेवायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. अशअरी कबिल्याचे लोक अन्न कमी पडले की सगळ्यांजवळचे एका कापडावर एकत्र करून सारखे वाटून घेत, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आपले मानले होते.

दुष्काळी पारनेर तालुक्यातले एक खेडे धान्याची अशी व्यवस्था उभी करू शकले, तर आपल्या जमाती मशिदीच्या हिशेबात एक छोटा, व्याजविरहित निधी का ठेवू शकत नाहीत? त्यातून एखाद्याला नूतनीकरणाच्या वेळी कर्जे-हसना देता येईल, अपघातग्रस्ताच्या दवाखान्याचा पहिला दिवस निभावता येईल. कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्याची जागा असा निधी घेऊ शकणार नाही. परंतु विमा हराम म्हणणाऱ्या जिभेला त्याने थोडा हक्क तरी प्राप्त होईल.

मी त्या तरुणाला एवढेच विचारले, "या रस्त्यावरून तुझी आईही पायी जाते. तिला धडक देणाऱ्याच्या गाडीचा विमा असावा की नसावा?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पगार दोन दिवस लांबणीवर आहे, मौलाना." मुदत संपायला आठ दिवस होते. पगार झाल्यावर त्याने रीतसर विमा भरला आणि कागद मला दाखवायला आणला. मी त्यावरची तारीख पाहिली आणि घरी जाऊन माझ्या स्कूटरचीही पुन्हा एकदा पाहिली.

अल्लाह आपल्या हातून कोणाला इजा होऊ देऊ नये, आणि अजाणता झालीच तर तिचा हक्क फेडण्याची ऐपत व नियत दोन्ही देवो. आमीन.