पाण्याची साक्ष

आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस. सुरतेस त्या दिवशी नदीची पूजा होते, आरती होते, आणि तापीमातेस लांबच लांब चुनरी अर्पण केली जाते. सूर्यकन्या म्हणून जिचे माहात्म्य सांगतात ती ही नदी मध्यप्रदेशातील मुलताई येथे उगम पावते, चांगदेवाच्या देवळापाशी पूर्णेला भेटते, खानदेश ओलांडताना प्रकाशे येथे दक्षिणकाशीचा मान मिळविते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट संपवून सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून लिंबायत-उधन्याच्या वस्तीत आलेली मराठी कुटुंबे एका अर्थी या पाण्याच्याच मागोमाग चालत आली आहेत. सुरतेच्या मराठी माणसाला तापी ही परक्या गावची नदी वाटत नाही, ती माहेराहून आलेली असते.

याच पाण्याकडे दुसऱ्या एका दृष्टीने पाहणारी माणसेही त्या शहरात आहेत. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात जलजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पाण्यात दोरीने बाटली सोडणे, ती भरून वर घेणे, तिच्यावर तारीख, वेळ व जागा लिहिणे, आणि आत काय आहे ते मोजणे, हा या शास्त्राचा नित्यक्रम. पूजा करणारे हात आणि बाटली भरणारे हात यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस सतावीत आहे. तो केवळ सुरतेचा नाही. ज्या ज्या देवळापुढे तळी आहे, त्या त्या देवळाच्या भाविकांचाही तो आहे.

प्रथम एक खुलासा. नदीच्या गोष्टीत सरोवरांचे शास्त्र कोठून आले, असे कोणी विचारील. सुरतेजवळ सिंगणपोर येथे १९९५ मध्ये तापीवर बंधारा झाला. बंधाऱ्याखाली समुद्राच्या भरती-ओहोटीचे खारे पाणी येते-जाते, तर वरच्या अंगास गोडे पाणी तुंबून राहते. शहराचे पिण्याचे पाणी तेथूनच उचलले जाते. म्हणजे सुरतेच्या माथ्याशी तापी वाहणे जवळजवळ सोडून देते व तळे होऊन राहते, आणि तळ्याचे सर्व रोग तिला जडतात. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर पोसलेली जलपर्णी मग पात्रावर पसरते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीचे जांभळे तुरे दिसतात मात्र मोठे सुरेख. कोणी फुले वाहिली असावीत असाच भास होतो. ती काढण्यासाठी महापालिका यंत्रे लावते, आणि पोषण थांबलेले नसते म्हणून ती पुन्हा येते.

तळ्याच्या पाण्याची परीक्षा करणाऱ्या माणसांचा दिवस कसा जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. सूर्यप्रकाशात शेवाळ तो निर्माण करते, आणि रात्री तेच शेवाळ व इतर सारे जीव तो वापरीत राहतात. त्यामुळे तो सर्वांत कमी भरतो पहाटे, उजाडण्यापूर्वी. तळ्यातील मासे मरावयाचे असले तर बहुधा याच वेळी मरतात, त्यापूर्वी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडून धापा टाकतात. तळ्याची खरी प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर संशोधकाला ब्राह्ममुहूर्तीच काठावर पोचावे लागते. देवळात काकडआरती चाललेली असते त्या घटकेस कोणी विद्यार्थी गुडघाभर चिखलात उभा राहून बाटलीत बुडबुडा शिरू नये म्हणून श्वास रोखून असतो.

ही बाटली भरण्याची व तपासण्याची रीत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये घालून दिली, आणि आज विजेरीवर चालणारी उपकरणे आली असली तरी तिचा मान गेलेला नाही. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ घ्यावयाचे. त्यात मँगनीजचा क्षार आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइड सोडावयाचे. प्राणवायू असेल तर पिंगट साका खाली बसतो, मुळीच नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून तो विरघळवितात, पिवळसर पाण्यात स्टार्च मिसळताच गर्द निळा रंग येतो, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडीत तो निळा रंग नाहीसा करावयाचा असतो. कोणत्या थेंबाला निळाई गेली, हे डोळ्यांनी ठरवावयाचे. एक थेंब अधिक पडला तर आकडा चुकला. तीस अंश उष्णतेच्या एक लिटर शुद्ध पाण्यात प्राणवायू मावतो तो सुमारे साडेसात मिलिग्रॅम, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. सुरतेच्या उन्हाळ्यात जलचरांच्या वाट्यास येणारी ही शिधासामग्री. तीतून सांडपाणी किती खाते आणि कुजणारी फुले किती खातात, हे पाहण्यासाठी दुसरी बाटली अंधारात सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवितात व उरलेला प्राणवायू मोजतात.

या साऱ्यावर पूर्वपक्ष असा आहे. तीर्थाचे तीर्थत्व श्रद्धेत असते. ते बाटलीत सापडावयाचे नाही. मातेची परीक्षा पुत्राने करू नये. आकड्यांच्या नादी लागलेले मन हळूहळू नदीला केवळ पाणी समजू लागते, आणि एकदा ती केवळ पाणी झाली की तिच्यात काहीही टाकावयास कोणास संकोच उरत नाही. हा आक्षेप भाबडा आहे असे आम्ही म्हणणार नाही. यातील शेवटचा भाग तर खरा आहे. नुसत्या उपयुक्ततेच्या हिशेबाने नद्यांची काय दशा होते ते जगाने पाहिले आहे. तथापि आक्षेप घेणारे एक गोष्ट गृहीत धरतात, की पवित्र म्हणणे आणि स्वच्छ म्हणणे ही एकाच वस्तूविषयीची दोन प्रतिस्पर्धी विधाने आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. नदी पवित्र आहे, या वाक्याने आपण नदीविषयी जितके सांगतो त्याहून अधिक स्वतःला बांधून घेतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, घाण टाकू नये असा स्पष्ट निषेध आहे. ज्यांनी तो घातला त्यांची जलावरची श्रद्धा आपल्याहून कमी होती काय? पवित्र वस्तू विटाळू शकते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. मग ती विटाळली आहे की नाही हे पाहणे अश्रद्धेचे लक्षण कसे ठरेल? मातेची परीक्षा करू नये हे खरे, पण ताप आलेल्या मातेच्या कपाळावर हात ठेवणे याला कोणी परीक्षा म्हणत नाही.

जाता जाता सांगावयास हरकत नाही, की पाण्याची पारदर्शकता मोजण्याची तबकडी १८६५ मध्ये प्रचारात आणली ती आंजेलो सेक्की या ख्रिस्ती धर्मगुरूने, आणि तीही पोपच्या जहाजावरून. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, यांचा मध्य घ्यावयाचा. इतकी साधी युक्ती आज जगभरच्या तळ्यांवर वापरली जाते.

दुसरी शंका अधिक अवघड आहे, आणि ती प्रयोगशाळेतील माणसांनाच अधिक छळीत असावी. मोजण्याने पाणी थेंबभरही स्वच्छ होत नाही. गाळ उपसणारा मजूर काही तरी करतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरतेत गोपी तलाव बांधविणाऱ्या मलिक गोपीने पूर्तधर्माचे पुण्य जोडले, आणि शतकानुशतके उपेक्षिलेल्या त्या तलावाचा २०१५ मध्ये जीर्णोद्धार पुरा करणाऱ्यांनीही काही जोडले असेल. पण दरमहा त्याच जागी जाऊन आकडा लिहून आणणाऱ्याने काय केले? आपल्या वेदान्तात साक्षी हा शब्द फार मोठा आहे. साक्षी पाहतो, करीत नाही, आणि म्हणूनच अलिप्त राहतो. परंतु न्यायालयातही साक्षी असतो. तोही केवळ पाहिलेलाच असतो, पण त्याला गप्प राहण्याची मुभा नसते. प्रयोगशाळेतील माणूस या दोन्ही अर्थांनी साक्षी आहे, आणि त्याचे संकट हेच आहे. पाहताना त्याने पहिल्यासारखे असावे, सांगताना दुसऱ्यासारखे. ऋग्वेदातील वरुण जलांच्या मध्ये संचार करतो तो लोकांचे सत्य आणि असत्य न्याहाळीत. पाण्याचा अधिपती तोच सत्याचाही रक्षक, ही कल्पना आम्हांस निव्वळ काव्य वाटत नाही. संकल्प सोडताना आपण हातावर पाणी घेतो, तेही पाणी साक्षीलाच.

येथे एक लहानसे उदाहरण कल्पावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकानुसार स्नानयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम असला पाहिजे. एखाद्या पहाटे बाटली ४.८ दाखविते. अंकगणिताच्या शाळेतील नियमाने ४.८ म्हणजे पूर्णांकात ५ च. पर्व तोंडावर आले आहे, घाटावर सहस्रावधी माणसे उतरावयाची आहेत, आणि ती या दोन दशांशांमुळे आजारी पडणार नाहीत, हे आकडा लिहिणाऱ्यालाही कळते. ५ हा अंक काही आकाशातून पडलेला नाही, समितीने ठरविलेला आहे. वरिष्ठांना ५ हवा आहे, भाविकांना ५ हवा आहे, आणि विद्यार्थ्याला पुढील वर्षाची शिष्यवृत्ती हवी आहे. तर मग ५ लिहिल्याने कोणाचे काय बिघडले?

आज कोणाचेच बिघडले नाही, असे आम्ही मान्य करतो. बिघडले ते दहा वर्षांनंतरच्या माणसाचे. तळे एका दिवसात मरत नाही. ते ६ वरून ५.७ वर, तेथून ५.३ वर, तेथून ४.८ वर असे उतरत जाते, आणि ही उतरण दशांशांतच दिसते. कोणी सद्हेतूने मध्येच एक ५ लिहून ठेविला, की पुढच्या संशोधकाला ती वाट सापडत नाही. त्याला वाटते, त्या वर्षी पाणी सावरले होते. आणि मग ते कशाने सावरले याची कारणे शोधण्यात त्याची वर्षे जातात. जो अजून जन्मालाही आला नाही अशा माणसाशी बोललेले हे असत्य आहे, आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नाही. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले, तो अश्वत्थाम्याविषयी बोललेल्या त्या अर्ध्या वाक्यानंतर खाली टेकला. अंतर तेथेही मोठे नव्हते.

याच्या उलट मोहही तितकाच दुष्ट आहे, आणि त्याविषयी कमी बोलले जाते. ज्याचा जीव तळ्यावर जडला आहे, त्याला वाटते, ४.८ च्या जागी ३.८ लिहिले तर वर्तमानपत्रे जागी होतील, महापालिका हलेल, तळे वाचेल. हेतू निर्मळ आहे. पण तळे वाचविण्यासाठी बोललेले खोटे उघडे पडले की त्यानंतरचे खरेही कोणी मानीत नाही. शिवाय घाबरवून जागे केलेले लोक भीती ओसरताच झोपतात. सुरतेला १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने असेच खडबडून जागे केले होते. तरी ते शहर पुढे स्वच्छ झाले ते त्या भीतीने नव्हे. आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात रोज रस्त्यावर उतरून कचरा मोजणाऱ्या व उचलविणाऱ्या चिवटपणाने झाले. ज्या कवीचे नाव विद्यापीठाला आहे त्या नर्मदाने १८६४ मध्ये ‘दांडियो’ हे निर्भीड पत्र काढून स्वकीयांस कडू गोष्टी सुनावल्या होत्या. त्याच्या नावाखाली काम करणाऱ्यांनी आकडा ना गोड करावा ना कडू, एवढीच आमची अपेक्षा.

आता थोडे आपल्याविषयी. साक्षीदाराने खरे सांगावे असे म्हणावयाचे, आणि ऐकणाऱ्याने मात्र कानांत बोटे घालावयाची, यास न्याय म्हणत नाहीत. नद्यांची मोठी घाण शहरांच्या सांडपाण्याची आणि कारखान्यांची असते. निर्माल्याचा भाग त्यापुढे अल्प आहे, आणि सारा दोष भाविकांच्या माथी मारणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण देवळाच्या तळीची गोष्ट निराळी. तिला प्रवाह नाही, तिचे पाणी थोडे आहे, आणि तीत जे पडते ते बहुतांशी आपणच टाकलेले असते. गोव्यात मंगेशीची तळी देवस्थानातील सर्वांत जुना भाग मानतात. म्हणजे देऊळ नंतरचे, पाणी आधीचे. गणेशविसर्जनासाठी सुरतेची महापालिका कृत्रिम तलाव खोदते, तेव्हा आरंभी कुरकुर करणारेही आता तेथे मूर्ती नेतात. प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही व रंगांतील शिसे तळाशी राहते, हे त्यांस कोणी तरी मोजून सांगितले होते. एकनाथांनी रामेश्वराची कावड गाढवाच्या मुखी रिती केली ती कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. तहानेला जीव नाथांना दिसला, हे त्या कथेचे मर्म आम्ही समजतो. पहाटे पृष्ठभागाशी धापा टाकणारा मासा आपल्याला दिसत नाही, कारण त्या वेळी आपण गाभाऱ्याकडे तोंड करून उभे असतो. तो ज्याला दिसतो त्याने येऊन सांगितले तर निदान ऐकून घ्यावे.

देवस्थानांच्या व्यवस्थापकांस आमची एक सूचना आहे. आपल्या गावाजवळच्या महाविद्यालयात वा विद्यापीठात जलपरीक्षेची सोय असेल, तर त्यांस पत्र लिहावे आणि तळीचे पाणी वर्षातून चार वेळा तपासून मागावे. उत्सवाची पत्रिका आणि देणगीदारांची नावे ज्या फलकावर लागतात, त्यावर एका ओळीची जागा सहज निघेल. पहिल्या वर्षी आकडा बहुधा लाजिरवाणा येईल. तो दशांशासह लिहावा. आणि पाणी घ्यावयास येणारा विद्यार्थी उजाडण्यापूर्वी येईल, तेव्हा महाद्वाराच्या राखणदारास आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, म्हणजे त्याला बाहेर तिष्ठत राहावे लागणार नाही.