मुलाला हे कधीपासून होते आहे?



मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलगा मध्येच कोसळतो, तोंडाला फेस येतो, कधी आगीत पडतो तर कधी पाण्यात. बाप आधी शिष्यांकडे गेला होता, पण त्यांना काही जमले नाही. शास्त्री वाद घालीत उभे होते आणि गर्दी बघत उभी होती. मग प्रभू येशू येतो आणि बापाला एकच गोष्ट विचारतो : मुलाला हे कधीपासून होते आहे? चूक कोणाची, संस्कार कुठे कमी पडले, हे तो विचारीत नाही.

व्यसनी मुलाला भूतबाधा झाली आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तसे समजून या बुवाकडून त्या बुवाकडे फिरणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यात आपलीही घरे आहेत. आम्ही हा उतारा त्या बापासाठी वाचतो.

गेल्या पावसाळ्यात मिस्सेनंतर एक माउली आम्हाला भेटली. (घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून थोडा बदल केला आहे.) "फादर, पोराचं पोट बिघडलंय, कामावर जात नाही," ती म्हणाली. आम्ही मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. महिन्याने ती पुन्हा आली. आम्ही नोव्हेना करायला सांगितले. तिसऱ्या वेळी ती सॅक्रिस्टीच्या दारात खाली बसली आणि सगळे बोलली. पगार दहा तारखेलाच संपतो, घरातली सोन्याची साखळी दिसत नाही, पोरगा दोन दोन रात्री झोपत नाही, मग दोन दिवस उठत नाही. पांढरी पावडर. अंगावर काढलेले चार महिने. त्यांतले दोन आमच्या खात्यावर जमा आहेत, कारण कधीपासून हा साधा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. प्रार्थना चुकीची नव्हती. प्रार्थना करून आम्ही मोकळे झालो, हे चुकले.

हिंजवडीतले जीवन आपण जाणतो. वसई, अहिल्यानगर, जालना, गोवा, कुठून कुठून आलेली मुले एका फ्लॅटमध्ये चौघे-पाचजण राहतात. रात्रपाळी असते, पहिला मोठा पगार असतो, आणि 'आज का आला नाहीस' असे विचारणारे कोणी नसते. वस्तूही फार लांबून येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २० किलो मेफेड्रोन पकडले, ज्याला मुले 'एमडी' म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तेच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलोंनी जप्त केले.

पण पावडरीवर बोट ठेवून आपण दारूला सोडून देतो. स्नानसंस्कार, लग्न, नाताळ, कुठे ती नसते? महाराष्ट्रात दारूसाठी कायद्याने वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, बिअरसाठी २१. आपल्याकडे अठराव्या वर्षी मामाच ग्लास हातात देतो आणि सगळे हसतात. हे लिहिताना काही चेहरे आमच्या डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांच्या घरचे जेवण आम्हीही जेवलो आहोत.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तरी घरोघरी वेगळेच उपाय चालतात. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा पहिला. त्यात दुसऱ्याच्या लेकीचा बळी जातो. खोलीत कोंडून ठेवणे हा दुसरा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते. आणि आमटीतून गुपचूप गोळी देणे. भिंतींवर 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती असतात त्या वाचू नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर माणूस प्यायला तर जिवावर बेतते. ज्याला गोळी घेतल्याचे ठाऊकच नाही तो पिणारच.

मदत जवळ आहे. पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिल अवचटांचे गर्दवरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी पुढे केली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी, सर्वांच्या सुनंदाताईंनी, ते काम उभे केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तिथे नव्यांना हात देतात. आपल्या ख्रिस्तसभेतही फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' स्थापन केले. ते स्वतः दारूतून सावरलेले, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण मद्यपी होतो हे एक धर्मगुरू उघडपणे सांगतो, तर आपण शेजाऱ्यापासून काय लपवतो?

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते, आडनाव विचारले जात नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. या चळवळीच्या आरंभी, १९३९ साली, अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी एका दारुड्याला दाखल करून घेतले. तेव्हा अशा रुग्णांना कोणी घेत नसे, म्हणून कागदावर पोटाचा विकार लिहिला आणि त्याला रुग्णांची फुले ठेवायच्या खोलीत झोपवले, असे सांगतात. आपल्या माउलीनेही पोटाचेच नाव घेतले होते. सिस्टरांनी मात्र ते नाव दार उघडण्यासाठी वापरले.

कित्येकांना पोलिसांची भीती वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी आपणहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. केंद्र निवडताना मात्र नोंदणी पाहा, डॉक्टर रोज येतात का विचारा. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी ठिकाणेही आहेत. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

त्या शुभवर्तमानातल्या बापाचा विश्वास अर्धाच होता, आणि त्याने तो अर्धा आहे हेही सांगून टाकले. प्रभूने तेवढा चालवून घेतला. मुलगा बरा होतानाच असा निपचित पडला की लोक म्हणाले, हा गेला. तेव्हा येशूने त्याचा हात धरून उठवले. आमच्या माउलीचा मुलगा उपचारानंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा घसरला. ती परत आली, यावेळी पहिल्याच दिवशी. तो पुन्हा केंद्रात गेला. आता पाचवा महिना चालू आहे.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही सॅक्रिस्टीमागच्या खोलीत बसतो. ज्यांना समोरून येणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी पार्किंगच्या बाजूचे दार उघडे ठेवले आहे.