कामाचा साक्षीदार कोण?

कामवासना निसर्गदत्त आहे हे बहुतेक संस्कृतींनी या ना त्या रूपात मान्य केले. परंतु तिला वैधता कोणी द्यावी, म्हणजे दोन व्यक्तींच्या शरीरसंबंधाला कोणाची साक्ष पुरेशी मानावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या गरजेनुसार दिले. ही उत्तरे एकाच भूभागात कशी एकावर एक रचली गेली, हे पाहण्यास वसईचा पट्टा सोयीचा आहे. आजचे नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक किंवा सोपारा, म्हणजे अपरान्ताचे किंवा उत्तर कोकणाचे प्रमुख बंदर. तेथे बौद्ध आणि ब्राह्मणी परंपरा नांदल्या, शेजारच्या वसईत पोर्तुगीज चर्च रुजले, त्यानंतर पेशवाई आली आणि अखेरीस इंग्रजी कायदा आला.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा भाग मिळाला. गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून ज्याचा संपूर्ण आशय कळतो, त्या या नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक, त्यातही स्त्रिया, नाना प्रकारचे क्षुल्लक विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते आणि सेवकांशी सद्वर्तन, गुरुजनांचा आदर व प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल होय, असे राजा त्यात सांगतो. विवाहाचा घरगुती संस्कार ज्यांच्या हाती होता त्या स्त्रियांच्या अधिकाराला राजसत्तेने येथे नीतीच्या नावाने कमी लेखले आहे.

ज्या बौद्ध धर्माकडे अशोकाचा ओढा होता त्याने कामाचे दोन मापदंड ठेवले होते. भिक्षूने मैथुन केल्यास तो ‘पाराजिक’ अपराध ठरे, म्हणजे त्याचे भिक्षुत्व कायमचे संपुष्टात येई. सोपाऱ्याशी ज्यांची नावे परंपरेने जोडली आहेत ते बुद्धशिष्य पूर्ण आणि बाहिय हे याच विरक्तीचे आदर्श. गृहस्थाला मात्र केवळ ‘कामातील मिथ्याचार’ वर्ज्य होता, आणि पाली ग्रंथांत त्याची व्याख्या करताना आई, वडील, भाऊ, बहीण किंवा आप्त यांच्या रक्षणाखाली असलेल्या स्त्रियांची यादी दिली आहे. दोष मोजला गेला तो रक्षणकर्त्याच्या अधिकारावरून. त्या स्त्रीची स्वतःची इच्छा काय होती, हा प्रश्न त्या यादीतून पुढे येत नाही.

धर्म, अर्थ आणि काम या त्रिवर्गात कामाला मानाचे स्थान देणाऱ्या ब्राह्मणी परंपरेतही हा पेच सुटला नाही. वात्स्यायनाने परस्परप्रीतीतून होणाऱ्या गांधर्व विवाहाची प्रशंसा केली, कारण विवाहाचे फळ प्रीती हेच आहे असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्याच्याच ‘कामसूत्रा’त अपरान्त, लाट, महाराष्ट्र अशा प्रदेशांनुसार स्त्रियांच्या रतिस्वभावाची वर्गवारीही आढळते. येथे काम हा अभ्यासाचा विषय झाला, तरी अभ्यासक पुरुष आणि अभ्यासविषय स्त्री ही विभागणी बहुतांशी कायम राहिली.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर साक्षीचे स्वरूपच पालटले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असे ठरवले की विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा तीन वेळा व्हावी, आणि धर्मगुरू व दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी संमती दिली तरच विवाह वैध मानावा. आईवडिलांची परवानगी नसली म्हणून विवाह रद्द ठरवण्यास मात्र या परिषदेने नकार दिला. संमतीला असे तात्त्विक स्थान मिळाले, परंतु त्याच चर्चने १२१५ पासून प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून एकदा पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, बंधनकारक केले होते. वासनेला बोलायला लावून तिच्यावर सत्ता गाजवण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीचे मूळ फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांना या कबुलीतच दिसले. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये हळद लावणे, लग्नगीते गाणे अशा जुन्या चालींवर बंदी घातली. तरीही वसई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी आणि बायकांची मराठी गाणी टिकून राहिली. अशोकाने क्षुल्लक मानलेला आणि धर्मन्यायालयाने निषिद्ध ठरवलेला स्त्रियांचा अधिकार असा दोन्ही सत्तांना पुरून उरला.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पेशवाईत शरीरसंबंधाची साक्ष जातगोत आणि सरकार या दोघांकडे होती; व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीला ‘कुणबीण’, म्हणजे दासी, करून सरकारी कामाला जुंपल्याच्या नोंदी त्या काळच्या कागदपत्रांत आहेत. जे पाप ठरवले गेले त्यातूनच राज्याला फुकटचे मनुष्यबळ मिळत होते, ही गोष्ट नैतिक नियमांच्या हेतूविषयी बरेच काही सांगून जाते.

इंग्रजी कायद्याने परंपरेपासून मुक्ती दिली असा एक समज आहे, पण रखमाबाईंचा खटला त्याला छेद देतो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा दावा लावला. हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलेला आहे, हे न्यायमूर्ती पिन्ही यांनी ओळखले आणि १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलानंतर मात्र १८८७ मध्ये ‘नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांची कैद’ असा आदेश झाला. स्वधर्मरक्षणाच्या नावाने या आदेशाचे स्वागत करणाऱ्यांनी परक्या चर्चचा नियम आपली परंपरा म्हणून स्वीकारला होता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ चेही तेच झाले: ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही ख्रिस्ती पापकल्पना इतकी अंगवळणी पडली की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध त्यातून वगळले, तेव्हा अनेकांनी भारतीय संस्कृतीच्या नावाने खंत व्यक्त केली.

साक्ष व्यक्तीच्या स्वतःच्या हाती द्यावी, ही भूमिका मराठीत सर्वांत निर्भीडपणे मांडली ती र. धों. कर्वे यांनी. १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तो खटला कर्वे हरले. ज्ञानावाचून संमती पोकळ राहते, हे कर्व्यांच्या कार्यामागील सूत्र होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. इच्छाच जर समाजाने घडवलेली असेल, तर संमतीही समाजाचीच बोली बोलणार. मग तिला अंतिम साक्षीचा मान का द्यावा? याचे उत्तर संमतीच्या शब्दात नसून नकाराच्या शक्यतेत आहे. रखमाबाई नकार देऊ शकल्या, कारण त्यांच्यामागे शिक्षण होते, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा आधार होता आणि समर्थकांची फळी होती; पुढे त्या डॉक्टर झाल्या. या साधनांवाचून दिलेला होकार परिस्थितीने दिलेला असतो. या कसोटीवर आजची व्यवस्थाही अपुरी पडते. १९५४ चा विशेष विवाह कायदा जाती-धर्माबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्यांना तीस दिवसांची जाहीर नोटीस आणि तीन साक्षीदार मागतो, आणि ट्रेंटच्या घोषणेशी त्याचे साम्य लपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये पुनःस्थापनेचा दावा आजही आहे. आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सज्ञान पत्नीवरील पतीची बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. राजा, भिक्षुसंघ, चर्च, जात आणि न्यायालय यांनी आलटून पालटून ज्या साक्षीवर हक्क सांगितला ती व्यक्तीकडे सोपवायची, तर विवाहाच्या आतही नकाराला कायद्याची किंमत असली पाहिजे; ती मिळेपर्यंत संमतीचे तत्त्व अविवाहितांपुरतेच खरे आहे, असे म्हणणे भाग आहे.